मेसची वही

महबूलाच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही सहा जण.
सातवा एसी, रात्री सगळ्यांत जास्त तोच बोलायचा.
मेसची वही हाईम पेझारकरकडे,
कारण त्याचं अक्षर वाचता यायचं
आणि महिनाअखेरीस फिल्सचासुद्धा घोळ नसायचा.

मी पोयनाडचा. पेझारी तिथून हाकेच्या अंतरावर.
आडनावाला ‘कर’ लागला की आपण पुढचं विचारत नाही,
गाव कळलं म्हणजे माणूस कळला.
नाव जरा वेगळं आहे एवढंच कुणीसं म्हणालं,
आणि कुणीसं म्हणालं, ख्रिश्चन असेल.
तो काहीच म्हणाला नाही.

कोळंबी आणली की म्हणायचा, अंगावर पित्त उठतं.
झुबैदीचा मात्र काटान्‌काटा चोखायचा.

एकदा बकालातून सामान आलं, कांदे, खुबूस, तेलाचा डबा,
तो पावती घेऊन बसला, ओठांनी आकडे मोजत.
मीच म्हणालो, मीच,
‘काय रे, ज्यूसारखा फिल्स फिल्स मोजतोस!’
सगळे हसले. तोही हसला,
जरा उशिरा,
विनोद दुसऱ्या भाषेतून यावा तसा.

त्याच आठवड्यात बाहेर धूळ सुटली होती,
खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल कोंबून आम्ही टीव्हीपुढे.
कुठल्याशा लढाईची बातमी.
ठोसर ग्लासात लबन ओतत म्हणाला,
‘हिटलरचं थोडं काम राहून गेलं बघा.’
लोणच्यात मीठ कमी पडलं म्हणावं
त्या आवाजात.
ठोसर वाईट माणूस नाही.
माझ्या अपेंडिक्सच्या वेळी दोन रात्री खुर्चीवर बसून होता.
हेच तर सांगायचंय मला.

तेव्हा फक्त परकारने मान वर केली.
श्रीवर्धनकडचा निजाम परकार.
त्याने टीव्हीकडे पाहिलं नाही, ठोसरकडे पाहिलं नाही,
हाईमच्या पानात न बोलता आणखी भात वाढला.

हाईमची आई गेली, त्या रात्री
तो बाल्कनीत, वाळत घातलेल्या डांगऱ्यांच्या आड
उभा राहून काहीतरी पुटपुटत होता.
मराठी नव्हतं. अरबीसारखं, पण अरबी नव्हतं.
मी पाण्याचा ग्लास घेऊन गेलो.
म्हणाला, ‘याला दहा माणसं लागतात. मी एकटाच म्हणतोय.’
मी म्हणालो, ‘आम्ही आहोत ना.’
त्याने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ,
आणि ग्लास घेतला.
मग परकारने ओट्याशी मला हळूच सांगितलं:
‘शनवार तेली. आमच्या गावात त्यांचा घाणा होता.
मला पहिल्या दिवसापासून ठाऊक.
बोललो नाही. त्याला नको होतं.’

त्यानंतरही ठोसर तेच बोलला. दोनदा, तीनदा.
आता मला ठाऊक होतं.
मी काय केलं?
मी म्हणालो, पापड आण रे.

हाईम गेला, करार संपला म्हणून. बॅगा बांधल्या,
परकारला मिठी मारली, आम्हाला हात दिला.
वही माझ्याकडे आली.

पानं चाळताना दिसलं:
शुक्रवारपर्यंत निळी शाई, रोजची, दिवसाच्या दिवशी.
शनिवार प्रत्येक आठवड्यात
रविवारच्या घाईतल्या पेन्सिलीने भरलेला.
तीन वर्षं. एकही शनिवार त्या दिवशी लिहिलेला नाही.
तीन वर्षं ती वही टेबलावर उघडी असायची,
आम्ही तिच्यावर चहाचे कप ठेवायचो.
गोल डाग अजून आहेत.

काल नवा मुलगा आलाय, चिपळूणचा, गोड स्वभावाचा.
मी पावत्या लावत होतो. तो हसत म्हणाला,
‘काका, तुम्ही तर अगदी ज्यूसारखे...’

परकार ओट्यापाशी पाठमोरा. कांदा चिरत होता.
सुरी थांबली.

मला वाटतं, तीन सेकंद असतील.
मी वहीतली पेन्सिल उचलली,
ठेवली,
आणि म्हणालो, खुबूस संपलेत का बघ.